हेल्गादोत्तिर ही हेल्गाची मुलगी नसते

आइसलंडच्या माणसाचं नाव मराठी मजकुरात आलं की बहुतेक वेळा एकच चूक होते. नावातला दुसरा शब्द आडनाव समजून वापरला जातो. कात्रीन याकोब्सदोत्तिर २०१७ ते २०२४ या काळात आइसलंडच्या पंतप्रधान होत्या. त्यांच्याबद्दल 'याकोब्सदोत्तिर म्हणाल्या' असं लिहिलं, तर त्याचा अर्थ होतो 'याकोबची मुलगी म्हणाली'. त्यांच्या देशात वर्तमानपत्रं, सहकारी आणि विरोधक असे सगळे त्यांना कात्रीन म्हणतात. त्यांचं नाव तेवढंच. पुढचा शब्द त्या कोणाच्या कन्या आहेत ते सांगतो.

लिप्यंतराबद्दल आधीच सांगतो. इथे नावं उच्चारापेक्षा लिखाणाला धरून दिली आहेत, म्हणजे प्रत्यय स्पष्ट दिसतील. खरा उच्चार जरा वेगळा होतो. 'दोत्तिर'मधल्या जोड त-आधी श्वासाची फुंकर येते आणि तो 'दोह्तिर'च्या जवळ जातो. 'एगिल्ल'मधला जोड ल 'ट्ल'सारखा ऐकू येतो. आघात मात्र नेहमी पहिल्या अक्षरावर.

आता मूळ रचना. वडिलांचं नाव घ्यायचं, ते षष्ठीत घालायचं आणि पुढे मुलासाठी 'सोन', मुलीसाठी 'दोत्तिर' जोडायचं. योन या नावाची षष्ठी योन्स. त्याचा मुलगा योन्ससोन, मुलगी योन्सदोत्तिर. मराठी माणसाला हे समजायला फारसे कष्ट पडू नयेत, कारण 'रामाचा मुलगा' म्हणताना आपणही आधी राम-चं सामान्यरूप करतो आणि मगच प्रत्यय लावतो. एक फरक तेवढा लक्षात ठेवायचा. आपली षष्ठी पुढच्या शब्दाप्रमाणे बदलते. रामाचा पोट्टा, रामाची पोट्टी. आइसलँडिकमध्ये योन्स हे रूप मुलासाठीही तेच आणि मुलीसाठीही तेच. लिंग दाखवायचं काम एकटा शेवटचा शब्द करतो.

खरी अडचण पुढे आहे. षष्ठी नेहमी 'स' लावून होत नाही, आणि नाव पाहून ती कशी होईल हे ओळखायला थोडा सराव लागतो.

पुरुषांच्या बऱ्याच नावांना सरळ 'स' लागतो. योनचं योन्स, एइनारचं एइनार्स. प्रथमेत शेवटी 'उर' असेल तर तो आधी गळतो आणि मग 'स' येतो. ओलाफुरचं ओलाफ्स, गुद्मुंदुरचं गुद्मुंद्स. गायिका ब्योर्क यांचं पूर्ण नाव ब्योर्क गुद्मुंद्सदोत्तिर, म्हणजे वडील गुद्मुंदुर. तिथे 'गुद्मुंद' हे वडिलांचं नाव धरलं की चूक झाली, कारण 'उर' हा नावाचाच भाग आहे आणि फक्त प्रथमेत दिसतो. शेवटी जोड ल किंवा जोड न असेल तर त्यातला एक जातो. एगिल्लचं एगिल्स.

काही पुरुषनावं 'स'ऐवजी 'आर' घेतात. सिगुर्दुरचं सिगुर्दार. २००९ ते २०१३ या काळातल्या पंतप्रधान योहाना सिगुर्दार्दोत्तिर यांचं नाव असं बनलं. पण एकोणिसाव्या शतकातल्या स्वातंत्र्य चळवळीचे नेते योन सिगुर्द्ससोन यांच्या वडिलांचं नावही सिगुर्दुरच होतं. त्यांचा जन्म १७ जून १८११ चा, आणि हाच दिवस आज आइसलंडचा राष्ट्रीय दिन आहे. एकाच नावाच्या दोन षष्ठ्या चालतात. आजही मुलगा असेल तर सिगुर्द्ससोन पुष्कळ दिसतं आणि मुलगी असेल तर सिगुर्दार्दोत्तिर. म्हणून भावाचं नाव पाहून बहिणीचं नाव आपल्या मनानं तयार करू नये. ते कागदावर जसं आहे तसंच घ्यावं.

मग येतात 'ई'ने संपणारी पुरुषनावं. त्यांची षष्ठी 'आ'ने होते. ब्यार्नीचं ब्यार्ना, फिन्बोगीचं फिन्बोगा. १९८० साली निवडून आलेल्या राष्ट्राध्यक्ष विग्दिस फिन्बोगादोत्तिर या लोकशाही निवडणुकीतून राष्ट्रप्रमुख झालेल्या जगातल्या पहिल्या महिला. त्यांच्या वडिलांचं नाव फिन्बोगा नव्हतं, फिन्बोगी होतं.

बायकांची 'आ'ने संपणारी नावं षष्ठीत 'उ'ने संपतात. हेल्गाचं हेल्गु, बेर्गथोराचं बेर्गथोरु. आन्नाचं तर ओन्नु होतं. शेवटचा 'उ' मागच्या स्वराला आपल्याकडे ओढतो. असा आतला बदल आपल्याही ओळखीचा आहे. पाऊस म्हणतो, पण पावसाला. भाऊ म्हणतो, पण भावाला. व्यंजनाने संपणारी स्त्रीनावं बहुधा 'आर' घेतात. गुद्रूनचं गुद्रूनार. ब्योर्क या नावाचं ब्यार्कार होतं, म्हणजे प्रत्यय लागताच मधला स्वरही पालटला.

आता हे दोन नियम शेजारी ठेवले की शीर्षकातला पेच उलगडतो. हेल्गी हे पुरुषाचं नाव, हेल्गा हे बाईचं. हेल्गीची षष्ठी हेल्गा, आणि हेल्गाची षष्ठी हेल्गु. म्हणून हेल्गादोत्तिर ही हेल्गी नावाच्या बापाची लेक असते, आणि हेल्गा नावाच्या आईची लेक हेल्गुदोत्तिर असते. इंग्लंडमध्ये खेळलेला फुटबॉलपटू हेइदार हेल्गुसोन आईचं नाव लावतो. ते नावाच्या मधल्या एका स्वरावरून कळतं. मराठी डोळ्याला 'आ' दिसला की बाई वाटते, आणि इथे नेमकं त्याच्या उलट घडतं.

या नियमालाही एक काटा आहे. थोडी पुरुषनावं अशी आहेत जी दिसतात आणि चालतात स्त्रीनावांसारखी. स्तुर्ला हे पुरुषाचं नाव, पण षष्ठी स्तुर्लु. तेराव्या शतकातला सरदार आणि इतिहासकार स्नोरी स्तुर्लुसोन (१२४१ साली त्याची हत्या झाली) याचं नाव पाहून त्याने आईचं नाव लावलं असं कोणाला वाटेल. ते वडिलांचंच आहे. 'उ' दिसला म्हणजे आईच, असा शिक्का मारता येत नाही. बहुतेक वेळा आई असते, आणि खात्री करायची तर मूळ नाव कोणाचं ते पाहावं लागतं.

सगळ्यात बारीक फरक एका 'स'चा आहे. ओर्न म्हणजे गरुड. या पुरुषनावाची षष्ठी आर्नार. परंपरेने ज्याला आइसलंडचा पहिला वसाहतकार मानतात आणि ज्याच्या आगमनाचं साल ८७४ धरतात, तो इंगोल्फुर आर्नारसोन, म्हणजे ओर्नचा मुलगा. पण आर्नार हे स्वतंत्र पुरुषनावसुद्धा आहे आणि त्याची षष्ठी आर्नार्स. त्याचा मुलगा आर्नार्ससोन. लिहिताना एक 'स' गाळला की बापच बदलला. रोमन लिपीतून टाइप करताना 'दोनदा आलंय, चुकून असेल' असं समजून जोडाक्षर सुटं करण्याची सवय मुद्रितशोधकांना असते. आइसलँडिक नावांपुरती ती मोडायला हवी.

नाव वाक्यात गेलं की काय होतं

इथवर फक्त षष्ठी झाली. पण आइसलँडिकमध्ये चार विभक्ती आहेत आणि माणसाचं नाव चारही विभक्तींत चालतं. तिथल्या शाळेत मुलांना ती चार छोट्या शब्दांच्या आधाराने घोकायला लावतात. 'इथे आहे', 'विषयी', 'कडून' आणि 'कडे'. एगिल्ल हे नाव त्या क्रमाने चालवलं तर: इथे आहे एगिल्ल, एगिलविषयी, आग्लीकडून, एगिल्सकडे. तिसरं रूप नीट पाहा. सुरुवातीचा 'ए' गेला, 'आ' आला आणि मधला स्वर गळून पडला. ब्योर्न या नावाचं तिसरं रूप बिर्नी होतं, ओर्नचं एर्नी. ही चारही रूपं एकाच माणसाची आहेत हे माहीत नसेल तर वाचणाऱ्याला चार माणसं दिसतील.

मराठीत आपण इथे उलटी वाट धरली आहे, आणि ती लक्षात घेण्यासारखी आहे. सामान्यनामांना आपण सामान्यरूप सक्तीने करतो. शाळाला म्हणत नाही, शाळेला म्हणतो. व्यक्तिनामांना मात्र बोलताना सूट देतो. सुनीतेला असं आता क्वचित कोणी म्हणतं, सुनीताला म्हणतात. अमिताला नाही, अमितला. नागपुरी बोलीत प्रत्यय 'ले' आहे, मले, तुले, पण तिथेही सुनीताले बोलाव असंच म्हणतील. 'गंगेला पूर आला' म्हटलं तर नदी, 'गंगाला बोलाव' म्हटलं तर शेजारची बाई, इतका फरक आपल्या कानाला नुसत्या प्रत्ययाआधीच्या स्वरातून कळतो. मूळ नाव शाबूत राहावं म्हणून आपण नियम सैल केला. आइसलँडिक भाषकांनी नियम ठेवला आणि नाव वाकू दिलं.

त्याचा फायदा त्यांना वाक्यरचनेत मिळतो. 'हेल्गा साउ हेल्गा' हे तीन शब्दांचं वाक्य आहे, 'साउ' म्हणजे पाहिलं. दोन्ही नावं अगदी सारखी दिसतात, तरी अर्थ एकच निघतो: बाईने पुरुषाला पाहिलं. कर्ता पुरुष असता तर तो हेल्गी दिसला असता. कर्म बाई असती तर ती हेल्गु दिसली असती. म्हणून एक हेल्गा ही प्रथमेतली बाई आणि दुसरी हेल्गा म्हणजे द्वितीयेतला हेल्गी. पहिला शब्द कुठला आणि दुसरा कुठला याने काहीच फरक पडत नाही.

नावाचा दुसरा भागही थांबून राहत नाही. सोनचं तिसरं रूप सिनी आणि षष्ठी सोनार. दोत्तिर पहिलं रूप सोडून सगळीकडे दोत्तुर होतं. म्हणजे 'एगिल्ल योन्ससोन' याच्याकडून पत्र आलं तर ते 'आग्ली योन्ससिनी'कडून आलं असं लिहितात, आणि 'गुद्रून योन्सदोत्तिर' हिच्याकडे पाठवायचं असेल तर 'गुद्रूनार योन्सदोत्तुर'कडे. एकसारखी नावं असलेली दोन माणसं ओळखू यावीत म्हणून कधी आजोबांचं नावही जोडतात, आणि तेव्हा षष्ठीवर षष्ठी चढते. योन एइनार्ससोन ओलाफ्ससोनार, म्हणजे ओलाफुरच्या मुलाचा, एइनारचा, मुलगा योन.

याचा व्यवहारातला त्रास शोधाच्या वेळी होतो. आइसलँडिक बातमीतून किंवा कागदातून नाव जसंच्या तसं उचललं आणि इंटरनेटवर शोधलं, तर 'आग्ली योन्ससिनी' नावाचं कोणी सापडत नाही. आधी ते प्रथमेत परत आणावं लागतं. शेवट पाहायचा: सिनी किंवा सोनार दिसलं तर सोन करा, दोत्तुर दिसलं तर दोत्तिर करा. मधल्या वडिलांच्या नावाला हात लावू नका, ते आधीच षष्ठीत आहे आणि तसंच राहतं. मग पहिल्या नावाकडे वळा. दुसऱ्या भागात दोत्तिर निघालं असेल तर पहिलं नाव बाईचं, आणि 'उ'ने संपत असेल तर बहुधा 'आ' करून मूळ नाव मिळतं. पण तिथे घाई नको, कारण गुद्रूनचं द्वितीयेचं रूपही गुद्रूनु होतं आणि त्याचं मूळ गुद्रूना नाही. दुसरा भाग सोन निघाला आणि पहिलं नाव 'आ'ने संपत असेल तर ते बहुधा 'ई'ने संपणाऱ्या पुरुषनावाचं वाकलेलं रूप आहे. 'हेल्गा ओलाफ्ससोन' वाचलं तर तो हेल्गी आहे. बाई असती तर शेवटी सोन आलंच नसतं.

सामान्यनामांनाही विभक्तीचा हाच नियम लागतो, आणि तिथे प्रत्ययावर प्रत्यय चढतो. हेस्तुर म्हणजे घोडा, हेस्तुरिन्न म्हणजे तो ठरावीक घोडा. इंग्रजीत वेगळा शब्द लागतो तिथे इथे शब्दाला शेपूट जोडतात, आणि ते शेपूटही विभक्तीप्रमाणे बदलतं.

कायद्याचा संबंध व्याकरणाशी कसा आला

आइसलंडच्या शेजारी देशांतही एके काळी हीच पद्धत होती. तिथे ती कायद्याने गोठवली गेली. नॉर्वेत १९२३ च्या कायद्याने कायम आडनाव सक्तीचं झालं. म्हणून तिथला आजचा हान्सेन हान्सचा मुलगा नसतो, कुठल्या तरी पणज्याचं नाव त्याच्या अंगावर राहिलेलं असतं. आइसलंडमध्ये उलट झालं. १९१३ च्या कायद्याने कौटुंबिक आडनाव घ्यायची मुभा दिली, आणि १९२५ च्या कायद्याने नवीन आडनावं घेणं बंद केलं. आधी घेतलेली मात्र वंशपरंपरेने चालत राहिली. २००६ ते २००९ या काळातले पंतप्रधान गेइर होर्दे यांनाही आडनाव आहे. ते नॉर्वेच्या वडिलांकडून आलं. तरीही देशात त्यांचा उल्लेख गेइर असाच व्हायचा.

हा भेद मला खटकतो. ज्याच्या आजोबांनी १९२५ आधी आडनाव घेतलं त्याला ते मुलाबाळांना देता येतं आणि ज्याच्या आजोबांनी घेतलं नाही त्याला ते मिळत नाही, याला भाषेच्या रक्षणाचं कारण पुरत नाही.

पहिल्या नावाबद्दलचा नियम मात्र मला पटतो, कारण त्याचं मूळ भाषेच्या रचनेत आहे. सध्याचा व्यक्तिनाम कायदा १९९६ चा. बाळाचं नाव जन्मापासून ६ महिन्यांच्या आत ठेवावं लागतं आणि जास्तीत जास्त ३ नावं ठेवता येतात. नाव मान्य नावांच्या यादीत असेल तर प्रश्नच नाही. नसेल तर तीन सदस्यांची नाम समिती ते तपासते. समितीची स्थापना १९९१ ची. पहिली अट हीच, की नावाला आइसलँडिक षष्ठी लागली पाहिजे, किंवा ते नाव आधीपासून रूढ असलं पाहिजे. दुसरी, ते भाषेच्या घडणीला धरून असावं. तिसरी, लेखन आइसलँडिक नियमांप्रमाणे असावं. त्यांच्या वर्णमालेत ३२ अक्षरं आहेत आणि त्यात रोमन सी, क्यू, डब्ल्यू नाहीत. चौथी अट अशी की नावामुळे मुलाला पुढे अवघडल्यासारखं होऊ नये.

पहिली अट इतकी महत्त्वाची का, हे वर पाहिलेल्या सगळ्यातून समजावं. नावाला षष्ठी लागत नसेल तर त्या माणसाच्या मुलांचं नावच बनत नाही. आणि इतर विभक्ती लागत नसतील तर 'कोणी कोणाला पाहिलं' हे वाक्यात नक्की सांगता येत नाही.

कधी हे प्रमाणाबाहेर जातं. ब्लायर, म्हणजे वाऱ्याची मंद झुळूक, हा शब्द आइसलँडिकमध्ये पुल्लिंगी आहे. त्यामुळे एका मुलीचं ते नाव नामंजूर झालं आणि वर्षानुवर्षं सरकारी कागदांवर तिच्या नावाच्या जागी नुसतं 'मुलगी' असं छापलं जात होतं. ३१ जानेवारी २०१३ रोजी रेक्याविकच्या जिल्हा न्यायालयाने तिच्या बाजूने निकाल दिला. शब्दाचं लिंग आणि माणसाचं लिंग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे मराठी माणसाला सांगायला नको. आपल्याकडे किरण, शीतल, सुमन ही नावं मुलगा आणि मुलगी दोघांनाही असतात आणि कुणाचं काही अडत नाही. २०१९ च्या लिंग-स्वायत्ततेच्या कायद्यानंतर तिथेही नावांवरचं हे बंधन गेलं. ज्यांची नोंद स्त्री किंवा पुरुष अशी नाही त्यांच्यासाठी सोन आणि दोत्तिर यांच्या जोडीला 'बुर' हा तिसरा शब्द आला. बुर म्हणजे अपत्य. योन्सबुर, हेल्गुबुर.

आईचं नाव लावायला पूर्वीपासून मनाई नव्हती, आणि दोघांचं मिळूनही लावता येतं. बरीच वर्षं रेक्याविकचे महापौर राहिलेले दागुर यांचं पूर्ण नाव दागुर बेर्गथोरुसोन एगेर्त्ससोन आहे. बेर्गथोराचा मुलगा, एगेर्तचा मुलगा. महाराष्ट्र मंत्रिमंडळाने २०२४ मध्ये सरकारी कागदपत्रांत आईचं नाव घालायचा निर्णय घेतला, तेव्हा आपल्याकडेही नावाची रांग लांबली. पण आपल्या नावात आई आणि वडील प्रथमेत उभे राहतात. 'स्नेहा विजय काटोलकर' यातल्या विजयला प्रत्यय नाही. तो वडील आहे हे जागेवरून कळतं. आइसलँडिक नावात ते रूपावरून कळतं. नाती नावातून सांगायची गरज दोन्हीकडे होती, ती भागवायचे मार्ग वेगळे निघाले.

आडनावांतले प्रत्यय आपल्याकडे आहेतच, पण त्यांचं काम वेगळं. काटोलकर, उमरेडकर यातला 'कर' गाव सांगतो. चंद्रपूर, गडचिरोलीकडून नागपुरात आलेल्या घरांतला 'वार' हा तेलुगूतल्या 'वारु' या आदरार्थी शब्दाकडे नेतो. हे प्रत्यय घराण्याला चिकटले आणि पिढ्यान्पिढ्या तसेच राहिले. आइसलंडमध्ये प्रत्यय तोच राहतो आणि त्याच्या मागचं नाव दर पिढीला बदलतं.

नागपुरातून व्यवहार करताना

एक कुटुंब समोर ठेवा. बाप योन एइनार्ससोन, आई आन्ना ओलाफ्सदोत्तिर, मुलगा हेल्गी योन्ससोन, मुलगी गुद्रून योन्सदोत्तिर. एका घरात चार जण आणि चौघांचे शेवटचे शब्द चार. लग्नाने नाव बदलत नाही, कारण आन्नाचा बाप लग्नाने बदलत नाही. अशा पाहुण्यांसाठी हॉटेलात खोली सांगायची असेल तर 'योन्ससोन फॅमिली' असं नोंदवू नका. प्रत्येकाचं पूर्ण नाव पासपोर्टप्रमाणे वेगळं द्या आणि नातं वेगळ्या रकान्यात लिहा. आडनाव जुळत नाही म्हणून काउंटरवर प्रश्न येण्याची शक्यता त्याने कमी होते.

फॉर्ममध्ये 'आडनाव' हा रकाना रिकामा सोडता येत नसेल तर तिथे योन्सदोत्तिर हेच लिहायचं, कारण पासपोर्टवरही ते त्याच जागी असतं. रकाना भरला म्हणून तो शब्द आडनाव होत नाही, एवढं भान ठेवलं की झालं. तिकिटावर त्यांची खास अक्षरं चालत नाहीत. थोर्न नावाचं अक्षर असेल तिथे रोमन टी आणि एच, एद नावाचं अक्षर असेल तिथे डी, आणि स्वरांवरच्या तिरक्या रेघा काढून टाकलेल्या असतात. पासपोर्टच्या तळाशी यंत्राने वाचायच्या ज्या दोन ओळी असतात, त्यातलं स्पेलिंग तिकिटासाठी घ्यावं. वर छापलेल्या नावावरून स्वतः अंदाज बांधला की तिथेच चूक होते. थोर्न हे अक्षर पी-सारखं दिसतं, आणि त्यामुळे थोर्सतेइन्नचा पोर्सतेइन झालेला पाहायला मिळतो.

ई-मेलची सुरुवात 'डिअर गुद्रून' अशी करा. ओळख नसलेल्या ज्येष्ठ प्राध्यापकालाही पहिल्या नावानेच हाक मारायची. आपल्याकडे 'सर', 'मॅडम' किंवा नावापुढे 'जी' न लावता मोठ्यांना लिहायला हात धजत नाही, पण तिथे 'मिस योन्सदोत्तिर' हे आदराचं वाटण्याऐवजी चुकीचं वाटतं. तिथली टेलिफोन डिरेक्टरीसुद्धा पहिल्या नावाच्या क्रमाने लावलेली असायची आणि एकाच नावाची अनेक माणसं वेगळी ओळखता यावीत म्हणून पुढे व्यवसाय दिलेला असायचा. त्यांच्या ग्रंथालयांत लेखकही पहिल्या नावाखालीच सापडतात. नागपुरात बसून कोणी संशोधक संदर्भसूची करत असेल तर आइसलँडिक लेखक पहिल्या नावाखाली लावावेत आणि सूचीच्या सुरुवातीला तसं एका ओळीत सांगावं. काही नावं सोनखाली, काही पहिल्या नावाखाली, अशी सरमिसळ झाली की वाचकाला काहीच सापडत नाही.

मराठीत नाव लिहिताना उच्चार धरा किंवा लेखन धरा, पण एका मजकुरात एकच. उच्चार धरणार असाल तर जे-चा 'य' करा. योन हा जॉन नव्हे. जोड ल-चा 'ट्ल' किंवा 'त्ल' करा, म्हणून योकुल्लचा, म्हणजे हिमनदीचा, उच्चार योकुत्ल. वर्तमानपत्रात जागा कमी असते आणि दुसऱ्या उल्लेखाला नाव आखूड करावं लागतं. तेव्हा दोत्तिर कापा आणि विग्दिस ठेवा. मराठी प्रत्यय लावायचा झाला तर आइसलँडिक विभक्तीतल्या रूपाला लावू नका, प्रथमेच्या रूपाला लावा. एगिल्लने, एगिल्लला, एगिल्लचा. आणि हेल्गीची मुलगी असं मराठीत सांगायचं असेल तर 'हेल्गीची' लिहा. हेल्गादोत्तिर या नावात मात्र 'हेल्गा' तसंच राहू द्या, तिथे सुधारणा करायला जाऊ नका.